अणुकेंद्रांचा क्षीण आवाज

(ग्रंथालयातील वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव अवजड आहे, हे प्रथमच मान्य करते. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, आणि त्यातील संकेत बलवत्तर करण्याची अतिध्रुवणाची तंत्रे. परंतु ज्या तपासणीला आपण 'एम. आर. आय.' म्हणतो, जिच्या बोगद्यासारख्या यंत्रात आपल्यापैकी कोणी ना कोणी, निदान आपल्या घरचे कोणी, निजून आलेले असेल, ती याच शास्त्राची एक शाखा होय. रुग्णालयाची पायरी चढताना नावातील 'अणुकेंद्रीय' हा शब्द गळून पडला. रुग्णांना त्यात अणुबाँबची आणि किरणोत्साराची चाहूल लागू नये, हे त्याचे एक कारण. वस्तुतः या तपासणीत किरणोत्सार मुळीच नसतो. चुंबक असतो आणि रेडिओलहरी असतात.

मी मराठीची विद्यार्थिनी. भौतिकीशी माझा परिचय झाला तो भाषांतराच्या निमित्ताने. तेव्हा आज सूत्रे न मांडता केवळ एका प्रश्नाचा मागोवा घ्यावा असे योजिले आहे. प्रश्न असा, की अणुकेंद्रांचा आवाज इतका क्षीण का, आणि तो मोठा करावयाचा तर कसा?

हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एकटा प्रोटॉन. तो स्वतःभोवती फिरत असल्यासारखा वागतो. या गुणधर्मास परिवलन म्हणतात. त्यामुळेच तो एखाद्या अतिसूक्ष्म चुंबकसूचीसारखाही वागतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्याला दोनच अवस्था मोकळ्या असतात, एक क्षेत्राच्या दिशेची आणि दुसरी तिच्या विरुद्ध. पहिलीची ऊर्जा किंचित कमी. या दोहोंतील अंतराशी नेमक्या जुळणाऱ्या कंप्रतेच्या रेडिओलहरी सोडल्या की केंद्रे प्रतिसाद देतात. सतारीवर मुख्य तार छेडली असता खालच्या तरफांपैकी त्याच सुरात लावलेली तार आपोआप झंकारते, तसाच हा प्रकार. म्हणून 'रेझोनन्स' या शब्दाला 'अनुस्पंदन'. ज्या कोणी हा प्रतिशब्द घडविला त्याला सतार ठाऊक असली पाहिजे.

आता अडचण ऐका. दोन अवस्थांतील हे अंतर अत्यल्प असते, आणि खोलीच्या साध्या तापमानालाही रेणूंची जी धडपड चाललेली असते तिच्यापुढे ते नगण्य ठरते. परिणामी केंद्रे जवळजवळ समसमान विभागली जातात. रस्सीखेचीच्या सामन्यात दहा लाख माणसे उभी आहेत अशी कल्पना करा. आजच्या प्रयोगशाळांत सर्रास आढळणारा ९.४ टेस्लाचा चुंबक घेतला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे दोन लाख पट प्रबळ, तरी एका बाजूला ५,००,०१६ माणसे असतील आणि दुसऱ्या बाजूला ४,९९,९८४. दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना खाऊन टाकते. दोरी हलते ती केवळ त्या बत्तीस जणांच्या अधिक्यामुळे. रुग्णालयातील दीड टेस्लाच्या यंत्रात तर हे आधिक्य दहा लाखांत पाचाच्या आसपास असते. या आधिक्याच्या प्रमाणालाच ध्रुवण म्हणतात.

असे असूनही आपल्या मेंदूचे वा गुडघ्याचे चित्र निघते, याचे कारण शरीरात पाणी विपुल आहे. एक घन सेंटिमीटर पाण्यात हायड्रोजनची जी केंद्रे असतात त्यांची संख्या लिहावयाची तर सहाच्या पुढे बावीस शून्ये मांडावी लागतात, आणि तीही थोडी कमीच पडतात. इतक्या अफाट गर्दीतील दहा लाखांमागे पाच जणही पुरेसे होतात. मात्र पाणी सोडून दुसरे काही पाहावयाचे असेल, पेशीत साखरेचे काय होते आहे, कोणते आम्ल तयार होते आहे, तर पदार्थ हजारो पटींनी विरळ. आणि जे मूलद्रव्य सजीवांच्या रसायनाचा कणा आहे त्या कार्बनचे सामान्य रूप तर या बाबतीत मुकेच आहे! बोलतो तो कार्बन-१३ हा समस्थानिक. तो निसर्गात शंभरात एखादा, आणि त्याची चुंबकसूची प्रोटॉनच्या एकचतुर्थांश.

ही मर्यादा आरंभापासूनच या शास्त्राच्या मानगुटीवर बसलेली आहे. १९४६ साली अमेरिकेत दोन गटांनी स्वतंत्रपणे हा आविष्कार दाखवून दिला, हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅराफिन मेणात आणि स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात. १९५२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. याच स्टॅनफर्डमध्ये १९५१ साली एक छोटा पण युगप्रवर्तक प्रयोग झाला. साध्या मद्यार्काच्या रेणूतील हायड्रोजनची केंद्रे एकाच सुरात न बोलता तीन वेगवेगळ्या सुरांत बोलतात, आणि त्यांच्या आवाजांचे प्रमाण तीन, दोन व एक असे असते, हे त्यात दिसून आले. रेणूची घरबांधणी जणू ऐकता येऊ लागली! रसायनशास्त्रज्ञांना हे साधन हवेहवेसे वाटू लागले ते तेव्हापासून. या प्रयोगाच्या तीन कर्त्यांपैकी एक होते एस. एस. धर्माधिकारी नव्हे, धर्मट्टी. भारतीय भौतिकीविज्ञ. (नावाचा हा घोटाळा मी छापील मजकुरातही पाहिला आहे, म्हणून मुद्दाम उच्चारून सांगते.) पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचे काम उभे केले. १९५१ मध्येच बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवांतील अनुस्पंदनावर निबंध प्रसिद्ध केला होता. आपल्याकडे हा विषय उशिरा आला असे म्हणण्याचे कारण नाही.

आवाज क्षीण असेल तर सरळ उपाय दोन. मोठा चुंबक घ्यावा, किंवा तोच संकेत पुन्हा पुन्हा नोंदवून बेरीज करावी. मोठ्या चुंबकाची किंमत त्याच्या बळापेक्षा फार वेगाने वाढते. बेरजेचा मार्ग स्वस्त दिसतो, परंतु त्याचे गणित निर्दय आहे. प्रत्येक नोंदीबरोबर गोंगाटही साठत जातो. म्हणून संकेत दसपट स्पष्ट करावयाचा तर शंभरपट वेळ द्यावा लागतो. दहा हजार पट स्पष्ट करावयाचा असेल, तर सेकंदाच्या एका नोंदीच्या जागी दहा कोटी सेकंद, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, यंत्रापुढे बसून राहावे लागेल. रुग्ण तर सोडाच, परीक्षानळीतील रसायनही इतका काळ थांबावयाचे नाही.

तिसरा मार्ग पहिल्या दोहोंहून निराळा. त्या बत्तीस जणांचा आवाज वाढविण्याऐवजी रस्सीखेचीतील माणसेच एका बाजूला वळवावयाची. ती शिस्त केंद्रांकडे स्वतःची नाही. तेव्हा जिथे आहे तिथून उसनी आणावयाची. अतिध्रुवण म्हणजे ही उसनवारी.

तिची पहिली कल्पना ज्यांना सुचली ते आल्बर्ट ओव्हरहाउझर तेव्हा इलिनॉय विद्यापीठात होते आणि त्यांचे वय होते अवघे सत्तावीस-अठ्ठावीस. इलेक्ट्रॉनही प्रोटॉनसारखाच सूक्ष्म चुंबक, मात्र सुमारे ६५८ पट बलवान. त्यामुळे त्याच क्षेत्रात इलेक्ट्रॉनांची शिस्त कितीतरी अधिक. ओव्हरहाउझर यांनी कागदावर असे सिद्ध केले, की धातूतील इलेक्ट्रॉनांना त्यांच्या कंप्रतेच्या लहरींनी सतत विस्कटत ठेवले, तर ते पूर्वपदावर येण्याच्या धडपडीत शेजारच्या केंद्रांना एकाच बाजूला ढकलत राहतील आणि केंद्रांचे ध्रुवण शेकडो पटींनी वाढेल. १९५३ च्या वसंतात वॉशिंग्टन येथील भौतिकीविज्ञांच्या सभेत त्यांनी हे मांडले. श्रोत्यांत ब्लॉख, पर्सेल, रॅबी यांच्यासारखी दिग्गज मंडळी होती. विश्वास कोणाचाच बसेना.

त्यांचा अविश्वास हेकटपणाचा नव्हता. एका भागात गोंधळ माजविला असता दुसऱ्या भागात सुव्यवस्था नांदू लागते, तापविल्याने गारवा येतो, हे ऐकताच उष्मागतिकीची जाण असलेला कोणीही भुवया उंचावणार. परंतु घासलेटच्या ज्योतीवर चालणारी जुनी शीतकपाटे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. खाली ज्योत आणि आत बर्फ! निसर्गनियमाचा भंग त्यात मुळीच नव्हता. ओव्हरहाउझर यांचा विचारही त्याच जातीचा होता. त्याच वर्षी, त्याच विद्यापीठात, टॉमस कार्व्हर आणि चार्ल्स स्लिक्टर यांनी लिथियम धातूवर प्रयोग करून वादाचा निकाल लावला. लिथियमचा साधा संकेत गोंगाटात पार हरवलेला होता. इलेक्ट्रॉनांना विस्कटणाऱ्या लहरी सुरू करताच तो ठसठशीत उभा राहिला. प्रयोगातील ते चित्र पाहण्याजोगे आहे. वर नुसता काटेरी गोंगाट आणि त्याच्या खाली तो संकेत. आणखी भाष्याची गरजच पडत नाही.

याच तत्त्वाचे एक भावंड दोन अणुकेंद्रांमध्येही आढळते. दोन केंद्रे एकमेकांच्या किती जवळ आहेत हे त्यावरून कळते. १९८० साली आपल्या भारतीय विज्ञान संस्थेचे अनिल कुमार यांनी झुरिकच्या रिखार्ड एर्न्स्ट व कुर्ट व्यूट्रिक यांच्यासमवेत त्याचा उपयोग प्रथिनांसाठी करून दाखविला, आणि प्रथिनांचे आकार द्रवातच ठरविण्याचा मार्ग मोकळा झाला.

मूळ उसनवारी मात्र बराच काळ मागे पडली. चुंबक मोठे होत गेले तशी इलेक्ट्रॉनांना विस्कटणाऱ्या लहरींची कंप्रताही वाढवावी लागली, आणि तेवढ्या कंप्रतेच्या बलवान सूक्ष्मलहरी निर्माण करणारे साधनच हाताशी नव्हते. १९९३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे रॉबर्ट ग्रिफिन यांच्या गटाने जायरोट्रॉन नावाची नळी या कामी जुंपली, तेव्हा घन पदार्थांच्या बाबतीत कोंडी फुटली.

द्रवांच्या बाबतीत ती फुटली स्वीडनमधील माल्मो येथे. यान हेन्रिक आर्डेनक्यार-लार्सन, क्लेस गोल्मान व सहकारी यांचा २००३ सालचा निबंध मी भाषांतरासाठी वाचू लागले, तेव्हा त्यातील युक्ती इतकी सरळ वाटली की ती आधी कोणाला कशी सुचली नाही याचे नवल वाटले. पदार्थात मोकळा इलेक्ट्रॉन बाळगणारे थोडे रेणू मिसळावयाचे. मिश्रण काचेसारखे गोठवून केवल शून्याच्या वर जेमतेम सव्वा अंशापर्यंत, म्हणजे सुमारे १.२ केल्व्हिनपर्यंत, थंड करावयाचे. ३.३५ टेस्लाच्या क्षेत्रात या थंडीत इलेक्ट्रॉनांची शिस्त शंभरात पंचाण्णवापर्यंत पोचते. कार्बन-१३ च्या केंद्रांची मात्र इतक्या थंडीतही हजारात एकाएवढीसुद्धा नसते! मग सूक्ष्मलहरी सोडावयाच्या. इलेक्ट्रॉनांपासून शेजारच्या केंद्रांना, त्यांच्यापासून पलीकडच्यांना, अशी शिस्त तासभर पसरत जाते. दुधाच्या भांड्यात चमचाभर विरजण लागावे तशी. इथवरचे सारे इतरांनाही ठाऊक होते. माल्मोच्या मंडळींनी पुढे जे केले ते असे, की दाबाखाली अतितप्त केलेले पाणी त्या गोठलेल्या खड्यावर एकदम सोडून काही सेकंदांत त्याचा विद्राव करून टाकला. तापमान तीनशे अंशांनी चढले, पण केंद्रांना ते उमगण्यापूर्वीच संकेत नोंदला गेला. युरियातील कार्बन-१३ चे ध्रुवण शंभरात ३७ भरले. साध्या स्थितीच्या तुलनेने ही वाढ चव्वेचाळीस हजार पटींहून अधिक होती.

आता या उसनवारीची परतफेड. केंद्रे आपल्या मूळच्या बेशिस्तीकडे लगेच परतू लागतात. या परतीला शिथिलन म्हणतात, आणि ते टाळता येत नाही. काही केंद्रांत ते सेकंदाच्या आत उरकते, काहींत मिनिटभर लांबते. शिवाय संकेत ऐकण्याच्या प्रत्येक खेपेस साठ्यातील थोडा भाग खर्ची पडतो, आणि खर्चलेला परत येत नाही. 'ध्रुवण' या शब्दावर मी अनेकदा अडखळते ती येथेच. मराठी कानाला ध्रुव म्हणजे अढळपद. आणि आपण ते नाव दिले आहे मिनिटभरात वितळणाऱ्या गोष्टीला. पण शब्द रुळला आहे, आता तो बदलू नये.

या मिनिटाचा सर्वांत मोलाचा उपयोग कर्करोगाच्या संदर्भात झाला. ऑटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात असे दाखविले होते, की अर्बुदाच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही साखरेपासून भरमसाट लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्याच्या अलीकडचा टप्पा म्हणजे पायरुव्हेट. पायरुव्हेटच्या रेणूतील एका विशिष्ट जागी कार्बन-१३ बसवून त्याचे अतिध्रुवण केले तर ते सुमारे मिनिटभर टिकते. पायरुव्हेट आणि लॅक्टेट यांतील तो कार्बन वेगवेगळ्या सुरांत बोलतो. म्हणजे शिरेतून ते टोचले, की कोठे किती पायरुव्हेटचे लॅक्टेट झाले हे त्या मिनिटा-दोन मिनिटांत प्रत्यक्ष चित्ररूपाने दिसते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग असलेल्या ३१ रुग्णांवर याची पहिली मानवी चाचणी झाली, तिचा वृत्तान्त २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्या खोलीतील घाई डोळ्यांपुढे आणा. विद्राव तयार झाला. त्यातील मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे रेणू गाळून काढावयाचे, आम्लता, तापमान, शुद्धता तपासावयाची, औषधनिर्मात्याने संमती द्यावयाची आणि टोचावयाचे. साठा त्या प्रत्येक सेकंदाला घटत असतो.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. अर्बुद औषधाला दाद देते आहे की नाही हे त्याच्या आकारावरून ठरवावयाचे तर अनेकदा आठवडे आणि महिने वाट पाहावी लागते, आणि निरुपयोगी औषधाचे हाल रुग्ण तेवढा काळ सोसत राहतो. पेशींच्या रसायनात फरक पडतो तो आकार बदलण्याच्या आधी. तो दिसला तर ती वाट पाहणे टळेल, अशी संशोधकांची आशा आहे. तिला अजून आशाच म्हटले पाहिजे. ही तपासणी आजही मुख्यतः चाचण्यांच्या कक्षेत आहे. यंत्रे मोजकी आणि खर्च मोठा. वृत्तपत्रांतून कधीकधी जो सूर लागतो तो मला घाईचा वाटतो.

रुग्णालयात खरोखर दाखल झाली ती दुसरी उसनवारी, प्रकाशाकडून केलेली. फ्रान्सच्या आल्फ्रेड कास्टलर यांनी प्रकाशाच्या साहाय्याने अणूंना शिस्त लावण्याची रीत शोधली. १९६६ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. लेसरचा वर्तुळ-ध्रुवित प्रकाश रुबिडियमच्या वाफेवर टाकला की तिच्या इलेक्ट्रॉनांना शिस्त येते, आणि वाफेत मिसळलेल्या झेनॉन किंवा हेलियम वायूच्या अणुकेंद्रांकडे ती टकरींतून जाते. १९६० साली हेलियम-३ बाबत हे दाखविणाऱ्यांत लिथियमवाले कार्व्हरच होते. १९९४ मध्ये उंदराच्या फुप्फुसाचे पहिले चित्र झेनॉनच्या साहाय्याने निघाले. फुप्फुस म्हणजे बहुतांशी हवा, म्हणून साध्या एम. आर. आय.ला तेथे काळोखच दिसतो. वायूच बोलू लागला म्हणजे पोकळी उजळते. प्रथम हेलियम-३ अधिक पसंत होता. पण तो मिळतो अण्वस्त्रांसाठी साठविलेल्या ट्रिटियमच्या क्षयातून, आणि २००१ नंतर अमेरिकेत सुरक्षेसाठी न्यूट्रॉन टिपणारी उपकरणे जागोजाग उभी राहू लागल्यावर त्या दशकाच्या अखेरीस त्याचा दुष्काळ पडला. संशोधक झेनॉनकडे वळले. हवेतच सापडणारा हा वायू, आणि त्यातील सुमारे चौथा हिस्सा उपयोगी समस्थानिकाचा. रुग्णाने तो हुंगावयाचा, दहा-पंधरा सेकंद श्वास रोखून धरावयाचा, चित्र तयार! झेनॉन रक्तातही उतरतो, आणि पोकळीत, पडद्यात व तांबड्या पेशीत त्याचा सूर निरनिराळा लागतो. त्यामुळे प्राणवायूची वाट कोठे अडली आहे याचाही अंदाज येतो. कोविड-१९ मधून उठल्यावर महिने लोटले तरी ज्यांना धाप लागत होती आणि ज्यांची सी. टी. चित्रे जवळजवळ निर्दोष होती, अशा रुग्णांत हा दोष ब्रिटनमधील संशोधकांना २०२१ साली झेनॉननेच दाखविला. आपले दुखणे खरे आहे हे चित्रात दिसणे, याचे त्या रुग्णांना काय वाटले असेल ते मी सांगावयास नको. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रौढांच्या आणि बारा वर्षांवरील मुलांच्या तपासणीसाठी झेनॉनला मान्यता दिली.

तिसरी उसनवारी साध्या हायड्रोजन वायूकडून. त्याच्या रेणूत प्रोटॉन दोन; त्यांची परिवलने जुळलेली असतात किंवा परस्परविरुद्ध असतात. दुसऱ्या प्रकाराला पॅराहायड्रोजन म्हणतात. साध्या तापमानाला तो चारात एक, पण योग्य उत्प्रेरकावरून द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत नेला तर निम्मा, आणि वीस केल्व्हिनला जवळजवळ सगळाच. नवलाची गोष्ट अशी, की उत्प्रेरकापासून दूर केल्यावर तो पुन्हा खोलीच्या तापमानाला आणला तरी ही शिस्त लगेच मोडत नाही. स्वतः पॅराहायड्रोजन मुका असतो. त्याचे दोन प्रोटॉन एखाद्या रेणूत असमान जागी बसविले की दडलेली शिस्त संकेतरूपाने उफाळून येते. कॅलिफोर्नियात बॉवर्स व वाइटेकॅम्प यांनी हे १९८६ साली भाकित केले आणि १९८७ मध्ये करून दाखविले. २००९ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे सायमन डकेट व सहकाऱ्यांनी त्यात मोठी सुधारणा केली. इरिडियमच्या एका संयुगावर पॅराहायड्रोजन आणि हवा तो रेणू क्षणभर शेजारी येऊन बसतात, शिस्तीची देवघेव होते, आणि रेणू जसाच्या तसा सुटून निघतो. यास काही सेकंद पुरतात, आणि प्रबळ चुंबकही लागत नाही.

माझ्या अल्पमतीला आपल्यासारख्या देशाच्या दृष्टीने हा तिसरा मार्ग अधिक लक्ष देण्याजोगा वाटतो. द्रवरूप हेलियम आपणास महाग पडते. द्रवरूप नायट्रोजन मात्र गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही पिंपातून ठेवलेला असतो. त्याने मिळणाऱ्या निम्म्या शुद्धतेच्या पॅराहायड्रोजनपासून पूर्ण लाभाचा तिसरा हिस्सा पदरात पडतो, आणि जेथे वाढ हजारो पटींची आहे तेथे तिसरा हिस्साही थोडा नव्हे. अडसर उरतो तो इरिडियमचा. माणसाला टोचावयाच्या द्रवात तो राहू देता येत नाही, आणि तो वेगळा करावयाचा तर त्यासाठी हाती असतो तोच मिनिटभराचा अवधी. निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळा सध्या या खटपटीत आहेत.

माझा वेळ संपला आहे. श्रोत्यांचे काही प्रश्न असतील तर अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीने ते घेऊ.